अकराव्या हिश्श्याचा करार : उपग्रह दिशादर्शनातील नवे संकेत आणि संशोधनातील सहकार्य

उघड्या मैदानात ठेवलेल्या आजच्या मोबाइल फोनला अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपीय संघाची गॅलिलिओ आणि चीनची बैदू या चार जागतिक प्रणालींचे, तसेच आशियाच्या काही भागांत भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएस या प्रादेशिक प्रणालींचे संकेत एकाच वेळी मिळू शकतात. या प्रणाली उभारणाऱ्या राष्ट्रांमध्ये व्यापार, संरक्षण आणि सीमा यांवरून तीव्र मतभेद आहेत. तरीही, ग्लोनासची जुनी रचना बाजूला ठेवली तर, त्यांचे उपग्रह नागरी वापरासाठी एकाच वारंवारतेवर आणि जवळजवळ एकाच घडणीचा संकेत पाठवू लागले आहेत. हे आपोआप घडलेले नाही. त्यामागे वाटाघाटींची, गणिताची आणि एकमेकांच्या उपग्रहांवर लक्ष ठेवून केलेल्या मोजमापांची दोन दशके आहेत, आणि तोच या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातून मांडावयाचे प्रतिपादन असे की, उपग्रह दिशादर्शनाची अचूकता गेल्या पाव शतकात जी वाढली, तिच्यात चांगल्या उपग्रहांचा जितका वाटा आहे तितकाच संकेताच्या घडणीबद्दल झालेल्या आंतरराष्ट्रीय समजुतीचा आहे. आणि अशा समजुतीत सामील झाल्याने राष्ट्राच्या स्वायत्ततेला बाध येतो, ही भीती तपासून पाहिली असता फारशी टिकत नाही.

१. मोजणीचा पाया

उपग्रहाद्वारे स्थान कळते ते वेळेच्या मोजणीतून. उपग्रह आपल्या अणुघड्याळाची वेळ आणि अवकाशातील आपली जागा सतत प्रसारित करीत असतो, आणि तो संदेश किती वेळाने पोहोचला हे पाहून जमिनीवरील ग्राहकयंत्र आपले उपग्रहापासूनचे अंतर काढते. प्रकाशलहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जाते. त्यामुळे वेळेतली नॅनोसेकंदाची चूक म्हणजे अंतरातली हातभर चूक होय. अक्षांश, रेखांश, उंची आणि ग्राहकयंत्राच्या स्वस्त घड्याळाची चूक अशा चार अज्ञात राशी असल्याने निदान चार उपग्रह दिसावे लागतात.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि तिथून निघालेला संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा त्याची शक्ती एका वॉटच्या दहा हजार अब्जाव्या भागाहूनही कितीतरी कमी उरते, इतकी की तो ग्राहकयंत्रातील नैसर्गिक विद्युत्‌गोंगाटाच्याही खाली दबलेला असतो. तो वर काढता येतो, कारण त्यावर एक ठरलेली अंकमाला चढवलेली असते. जीपीएसच्या मूळ नागरी संकेतात ही माला १,०२३ अंकांची असून ती दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होते. ग्राहकयंत्र तीच माला स्वतः तयार करते आणि आलेल्या लहरीवर पुढे-मागे सरकवून कुठे जुळते ते पाहते; पाठ असलेला ठेका जत्रेच्या गोंगाटातही कानाला सापडावा, तशी ही जुळणी सापडते. तिला सहसंबंध म्हणतात, आणि मालेतील एकेका अंकाला चिप. मूळ नागरी संकेताची एक चिप अवकाशात सुमारे २९३ मीटर लांबीची असते, त्यामुळे तिच्या कडा किती बारकाईने पकडता येतात यावर साऱ्या मोजणीची सूक्ष्मता अवलंबून राहते.

नागरी वापरासाठी मुद्दाम मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हा उरलेल्या दोषांपैकी दोन ठळकपणे पुढे आले. पहिला दोष वातावरणाच्या वरच्या, विद्युत्‌भारित थरात संकेताला होणाऱ्या विलंबाचा. दुसरा, इमारती, डोंगर वा पाणी यांवर आपटून आलेला संकेत मूळ संकेतात मिसळून जुळणीचे टोक बोथट करतो त्याचा. पहिल्यावर उपाय दुसऱ्या वारंवारतेचा आणि दुसऱ्यावर संकेताच्या नव्या घडणीचा; या दोन्ही उपायांना एकट्या राष्ट्राची शक्ती पुरेशी नव्हती.

२. दुसरी वारंवारता

आयनांबर या थरातील मुक्त इलेक्ट्रॉन रेडिओलहरीवरील अंकमालेला उशीर लावतात, आणि हा उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. इलेक्ट्रॉनांची मोजणी करण्याचे एकक असे ठरले आहे की, एक चौरस मीटर छेदाच्या उभ्या स्तंभात एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन असले तर ते एक एकक. जीपीएसच्या एल-१ वारंवारतेवर, म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर, असे प्रत्येक एकक अंतरात सुमारे १६ सेंटिमीटरांची भर घालते. दुपारी आयनांबर शंभर एककांपर्यंत भरले तर केवळ तेवढ्यानेच १६ मीटरांची चूक होते. हाच विलंब एल-५ या ११७६.४५ मेगाहर्ट्‌झच्या वारंवारतेवर १.७९ पट असतो. दोन्ही विलंबांचे गुणोत्तर आधीच ठाऊक असल्याने, दोन वारंवारतांवर मोजलेल्या अंतरांतील फरकावरून इलेक्ट्रॉनांची संख्या काढता येते आणि विलंब जवळजवळ पूर्णपणे वजा करता येतो.

दुसरी वारंवारता जीपीएसकडे पहिल्यापासून होती, पण तिच्यावरचा संकेत लष्करासाठी सांकेतिक केलेला असल्याने सर्वेक्षणाच्या महागड्या यंत्रांना तो आडवळणाने वापरावा लागे. खुला दुसरा नागरी संकेत २००५ मध्ये सोडलेल्या उपग्रहापासून आणि एल-५ संकेत २०१० मध्ये सोडलेल्या उपग्रहापासून नियमितपणे मिळू लागला. एल-५ ची अंकमाला मूळ संकेताच्या दहा पट वेगाने धावते, त्यामुळे तिची चिप सुमारे २९ मीटरांची, अर्थात दसपट आखूड आहे. शिवाय तिच्यात माहिती वाहून न नेणारी एक वेगळी वाहिनी ठेवली आहे, जिच्यावर ग्राहकयंत्राला जास्त वेळ जुळणी करून दुबळा संकेतही धरून ठेवता येतो.

एल-५ चा पट्टा मात्र रिकामा नव्हता. विमानांना जमिनीवरील केंद्रापासूनचे अंतर सांगणारी यंत्रणा तिथे आधीपासून चालू होती. इस्तंबूल येथे २००० साली भरलेल्या जागतिक रेडिओ परिषदेने हा पट्टा उपग्रह दिशादर्शनासाठी खुला केला, पण सर्व देशांच्या उपग्रहांनी मिळून किती शक्ती पाठवावी यावर पुढे सामाईक मर्यादा घातली गेली. मर्यादा एकूण बेरजेवर असल्यामुळे प्रत्येक नव्या प्रणालीला आपला हिशेब इतरांसमोर मांडणे भाग पडले. सहकार्याचा पहिला धडा असा निर्बंधातून आला.

३. एका संकेतासाठी दोन खंड

खरा वाद एल-१ वर झाला. युरोपने गॅलिलिओची आखणी सुरू केली तेव्हा तिच्या सरकारी वापरासाठीच्या संकेताची प्रस्तावित जागा जीपीएसच्या नव्या लष्करी संकेताच्या जागेवर येत होती. संघर्षाच्या वेळी शत्रूला नागरी संकेत मिळू नयेत म्हणून ते दाबावे लागले, तर स्वतःचा लष्करी संकेतही त्याबरोबर दाबला जाईल, अशी अमेरिकेची हरकत होती. आणि आपल्या प्रणालीची घडण दुसऱ्याने ठरवावी हे युरोपला मान्य नव्हते. अनेक वर्षांच्या चर्चेनंतर २६ जून २००४ रोजी आयर्लंडमधील ड्रोमोलंड किल्ल्यात झालेल्या शिखर बैठकीत करार झाला. त्यानुसार सरकारी संकेत एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि खुला नागरी संकेत मात्र दोघांनी सारखा घडवायचा ठरले. करारात दोन कल्पना वेगळ्या केल्या आहेत : सुसंगतता म्हणजे एकाने दुसऱ्याच्या कामात अडथळा न आणणे, आणि परस्परोपयोगिता म्हणजे दोन्ही प्रणालींचे संकेत एकाच यंत्रात मिसळून वापरल्यावर एकट्या प्रणालीपेक्षा चांगले उत्तर मिळणे.

सारखा संकेत म्हणजे कोणता, हे ठरवण्याचे काम दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांच्या संयुक्त गटाकडे गेले. पायाभूत कल्पना बायनरी ऑफसेट कॅरियर किंवा बीओसी या नावाने ओळखली जाते. तिच्यात अंकमालेला आणखी एका चौकोनी उपलहरीने गुणले जाते; त्यामुळे संकेताची ऊर्जा वारंवारतेच्या मध्यावर न साचता मध्याच्या दोन्ही बाजूंना सरकते, मधली जागा जुन्या संकेतासाठी मोकळी राहते आणि जुळणीचे टोक अधिक टोकदार होते. २००४ चा पाया यातील सर्वांत साध्या प्रकाराचा होता. त्यात सहापट वेगवान उपलहरीचा थोडा अंश मिसळला, तर परावर्तित संकेतांचा उपद्रव आणखी कमी होतो, असे संयुक्त गटाला आढळले. अंश जास्त घेतला तर साध्या यंत्रांची ऊर्जा वाया जाते. फार कमी घेतला तर लाभ होत नाही. दोन्ही बाजूंना परवडणारे प्रमाण ठरले ते एकूण शक्तीच्या अकराव्या हिश्श्याचे, आणि २००७ च्या जुलैमध्ये ते जाहीर झाले.

या अकराव्या हिश्श्याची अंमलबजावणी दोघांनी आपापल्या पद्धतीने केली. युरोपने दोन उपलहरींची बेरीजच प्रसारित करायचे ठरवले, ज्यात दहा भाग मंद आणि एक भाग वेगवान. अमेरिकेने एल-१-सी या संकेतात वेळेची वाटणी केली : संकेताची तीन-चतुर्थांश शक्ती माहितीविरहित वाहिनीला दिली, आणि त्या वाहिनीतील दर ३३ चिपांपैकी ४ चिपा वेगवान उपलहरीवर ठेवल्या. तीन-चतुर्थांशाला चार-तेहतिसांशाने गुणले की उत्तर नेमका अकरावा हिस्सा येते. वारंवारतेच्या आलेखावर दोन्ही संकेत सारखेच दिसतात. आतली घडण मात्र ज्याची त्याने आपल्या उपग्रहाच्या सोयीने ठेवली. कुठे एकसारखे असावे आणि कुठे वेगळे असण्याची मुभा द्यावी, याचा इतका नेमका निवाडा अभियांत्रिकीच्या करारांत क्वचितच झाला असेल.

पुढचा क्रम या कराराची व्याप्ती दाखवतो. जपानने सप्टेंबर २०१० मध्ये सोडलेल्या मिचिबिकी उपग्रहाने अमेरिकेने आखलेला एल-१-सी संकेत प्रसारित केला, तर खुद्द जीपीएसच्या उपग्रहावरून तो यायला डिसेंबर २०१८ उजाडला. चीनने बैदूच्या तिसऱ्या पिढीसाठी त्याच मध्यवर्ती वारंवारतेवरचा बी-१-सी संकेत निवडला, आणि त्याबाबतचे अमेरिका-चीन संयुक्त निवेदन २०१७ मध्ये झाले. मध्यंतरी या संकेतघडणीवर ब्रिटनमधील सरकारी पेटंटांचा दावा उभा राहून ग्राहकयंत्रे बनवणाऱ्यांत चिंता पसरली होती. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांच्या संयुक्त निवेदनाने ती पेटंटे सार्वजनिक करण्याचे ठरले आणि वाद मिटला. संकेत खुला आहे म्हणजे तो ऐकायला फुकट आहे एवढेच पुरत नाही. तो पकडणारे यंत्र बनवणेही खुले असावे लागते, हे त्या प्रसंगाने ठसवले.

४. कागदावरून आकाशात

ठरलेला संकेत प्रत्यक्ष प्रसारित होतो तेव्हा तो आखणीबरहुकूम आहे की नाही, हे पारखण्याची कसोटी प्रसारण करणाऱ्याखेरीज इतरांच्याही हाती असावी लागते. एप्रिल २००८ मध्ये सोडलेल्या गिओव्ह-बी या युरोपच्या चाचणी उपग्रहाने नव्या घडणीचा संकेत आकाशातून पहिल्यांदा पाठवला. नेदरलँड्समधील नॉर्डवाइक येथील युरोपीय प्रयोगशाळेत १२ मार्च २०१३ रोजी केवळ गॅलिलिओच्या चार उपग्रहांवरून स्थान काढण्यात आले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये गॅलिलिओची प्राथमिक सेवा सुरू झाली.

या काळात इंटरनॅशनल जीएनएसएस सर्व्हिस या, १९९४ पासून कार्यरत असलेल्या, संशोधनसंस्थांच्या स्वयंसेवी महासंघाने बहुप्रणाली प्रयोग हाती घेतला. जगभरची विद्यापीठे आणि सर्वेक्षण संस्था आपल्या ग्राहकयंत्रांच्या नोंदी एका सामाईक रूपात जमा करतात आणि विश्लेषण केंद्रे त्यांवरून प्रत्येक उपग्रहाची कक्षा व घड्याळाची चूक काढून सर्वांना देतात. प्रत्येक प्रणाली आपापली वेळ वेगळी राखत असल्याने त्या वेळांतील नॅनोसेकंदांचे अंतर हीच पाचवी अज्ञात राशी होऊन बसते. तो फरक उपग्रहांनी प्रसारित करावा की ग्राहकयंत्राने काढावा, असल्या प्रश्नांचा निकालही या नोंदींतूनच लागत आला आहे. शासकीय पातळीवर हेच काम संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील आंतरराष्ट्रीय समितीत चालते. प्रणाली चालवणाऱ्या देशांचा स्वतंत्र मंच तिच्या २००७ च्या बंगळूरु बैठकीत स्थापन झाला, आणि २०१९ मध्ये तिची चौदावी बैठकही बंगळूरुलाच झाली.

याची फळे सामान्य माणसाच्या हाती यायला वेळ लागला नाही. दोन वारंवारतांवर मोजणी करणारा पहिला मोबाइल फोन, शाओमीचा मी-८, २०१८ मध्ये बाजारात आला. एकेकाळी सर्वेक्षकाच्या तिपाईवरच आढळणारी सोय खिशात आली, याचे मोठे कारण म्हणजे एकच चिपसंच अनेक देशांच्या एल-१ आणि एल-५ संकेतांवर चालू शकतो, आणि म्हणून तो स्वस्त होतो.

५. भारतावरचे आकाश

या सहकार्यात भारताचे स्थान दोन कारणांनी वेगळे आहे. पहिले कारण भूगोलाचे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. थुंब्याची निवड रॉकेटतळासाठी झाली ती याच कारणाने. दिवसा या विषुववृत्तावरील इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला व दक्षिणेला साचतात. उत्तरेकडील साचलेल्या पट्ट्याचे शिखर सर्वसाधारणपणे अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता यांच्या परिसरात पडते. महाराष्ट्र आणि गोवा त्या चढणीवर येतात, जिथे थोड्या अंतरात इलेक्ट्रॉनांची संख्या झपाट्याने बदलते. सूर्यास्तानंतर, विशेषतः मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास व सूर्य सक्रिय असलेल्या वर्षांत, या थरात इलेक्ट्रॉन विरळ असलेले भाग फुगत वर जातात. त्यांना प्लाझ्माचे बुडबुडे म्हणतात. त्यांतून जाणारा संकेत लुकलुकू लागतो आणि ग्राहकयंत्राच्या हातून निसटतो. नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारातून रात्रीच्या आकाशाच्या क्षीण लाल प्रभेची छायाचित्रे घेते, तेव्हा हे बुडबुडे त्यांत उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात. याच संस्थेकडे कुलाबा व अलिबाग येथील चुंबकीय नोंदींचा वारसा आहे. मुंबईत विजेवर चालणारी ट्राम येऊ घातली तेव्हा तिच्या प्रवाहाने मोजमाप बिघडू नये म्हणून १९०४ मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली.

या आकाशाने बाहेरून आणलेल्या उत्तरांची मर्यादा दाखवली. विमानांसाठी जीपीएसच्या चुका सुधारून देणारी गगन ही यंत्रणा इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी मिळून उभारली. नागपूर आणि गोव्यासह १५ संदर्भ केंद्रे आयनांबर मोजतात आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानापर्यंत जाते. अमेरिकेतील अशाच यंत्रणेत आयनांबर एक पातळ कवच मानून भागते. भारतावर तेवढ्याने भागेना, म्हणून इस्रोने अनेक थरांचे स्वतंत्र प्रारूप तयार केले. एप्रिल २०१५ मध्ये गगनला विमानतळाकडे उतरण्याच्या टप्प्यात उभे मार्गदर्शन देण्याचे प्रमाणपत्र मिळाले, आणि विषुववृत्तीय प्रदेशातील अशी ती पहिली यंत्रणा ठरली.

दुसरे कारण नाविकचे. २०१३ ते २०१६ या काळात सोडलेल्या सात उपग्रहांच्या या प्रणालीने एल-५ आणि २४९२.०२८ मेगाहर्ट्‌झचा एस-पट्टा अशी जोडी निवडली. तांत्रिकदृष्ट्या ही जोडी उत्तम आहे. दोन वारंवारतांवरून विलंब वजा करताना मोजणीतला गोंगाट वाढतो. एल-१ व एल-५ या जोडीत तो सुमारे २.६ पट होतो, तर एल-५ व एस या जोडीत केवळ १.३ पट, कारण या वारंवारता एकमेकींपासून खूप दूर आहेत. शिवाय एस-पट्ट्यावर आयनांबराचा विलंब एल-१ च्या दोन-पंचमांश इतकाच असतो. असे असूनही ही जोडी मोबाइल फोनपर्यंत पोहोचली नाही, कारण एस-पट्ट्यासाठी वेगळा अँटेना लागतो आणि एका देशाच्या संकेतासाठी तो बसवणे उत्पादकांना परवडत नाही. २९ मे २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेल्या एनव्हीएस-०१ या दुसऱ्या पिढीच्या पहिल्या उपग्रहात म्हणून एल-१ संकेताची भर घालण्यात आली. त्याची घडण त्या आंतरराष्ट्रीय कुटुंबातलीच आहे, परंतु उपग्रहाच्या प्रवर्धकावर अनावश्यक ताण येऊ नये यासाठी तिचे घटक एकत्र बांधण्याची रीत इस्रोने स्वतः विकसित केली आहे. याच उपग्रहात भारतीय बनावटीचे रुबिडियम अणुघड्याळही प्रथमच बसवले गेले. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ हा उपग्रह जानेवारी २०२५ मध्ये अपेक्षित कक्षेत पोहोचू शकला नाही, आणि आधीच्या उपग्रहांतील आयात घड्याळे निकामी झाल्याने सेवेची घडी विस्कटली होती. संकेत कितीही चांगला आखला तरी त्याला आकाशात पुरेसे उपग्रह लागतातच.

६. स्वायत्तता आणि समजूत

सामाईक संकेतावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. सर्वांनी एकाच वारंवारतेवर यायचे म्हणजे सर्वांनी एकदमच बंद पडण्याची तयारी करायची. संकेत इतका दुबळा आहे की एल-१ वर गोंगाट सोडणारे लहानसे यंत्र परिसरात त्या वारंवारतेवरील सर्वच प्रणालींना बहिरे करू शकते. त्यावरचे उत्तर एल-१ सोडण्यात मिळत नाही, तर त्याच्या जोडीला दूरची वारंवारता ठेवण्यात मिळते. या दृष्टीने नाविकचा एस-पट्टा टाकाऊ ठरत नाही. मोबाइलसाठी एल-१ व एल-५, आणि जिथे खात्री महत्त्वाची अशा जहाज, वीजजाल वा संरक्षण यांसारख्या कामांसाठी एस-पट्ट्याचीही जोड, अशी विभागणी भारताला शक्य आहे, आणि ती फार थोड्या देशांना शक्य आहे.

स्वायत्तता नेमकी कुठे असते, याचे उत्तरही या इतिहासातून मिळते. उपग्रह, घड्याळ, भूकेंद्र आणि वेळेची राखण या गोष्टी स्वतःच्या हातात असल्या की संकेताचा आकार इतरांसारखा असल्याने काहीही गमवावे लागत नाही. युरोपने सरकारी संकेत स्वतःकडे ठेवून खुला संकेत सामाईक केला, तो याच विचाराने. उलट घड्याळ परकीय असेल तर संकेत कितीही वेगळा ठेवला तरी प्रणाली परावलंबीच राहते, हा नाविकच्या पहिल्या पिढीचा अनुभव आहे.

पुढील संशोधनात भारताचे योगदान कशाने ओळखले जावे, हा प्रश्न म्हणून उपग्रहांच्या संख्येपुरता मर्यादित नाही. नवे संकेत समशीतोष्ण प्रदेशांच्या शांत आकाशात उत्तम चालतात, हे सिद्ध झाले आहे. विषुववृत्ताजवळच्या अस्वस्थ आकाशात, लुकलुकत्या संकेतांवर ते किती टिकतात, याची कसोटी ब्राझील, आग्नेय आशिया, आफ्रिका आणि भारत येथेच लागू शकते. एल-५ ची वारंवारता कमी असल्याने लुकलुकीचा त्रास तिला एल-१ पेक्षा अधिक होतो, म्हणजे विलंबावरचा उपाय दुसऱ्या एका दोषाला वाव देतो. आणि एस-पट्ट्यासह तिन्ही वारंवारतांवर एकाच वेळी हा परिणाम मोजण्याची सोय नाविकच्या नव्या उपग्रहांमुळे भारतालाच मिळाली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी बहुप्रणाली ग्राहकयंत्रे वर्षानुवर्षे चालू ठेवून त्यांच्या नोंदी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय रूपात खुल्या केल्या, तर त्यांतून निघणारी प्रारूपे गगनला, नाविकला आणि इतर देशांच्या प्रणालींनाही उपयोगी पडतील. अकराव्या हिश्श्याच्या कराराला भारत उशिरा येऊन मिळाला. विषुववृत्तीय आकाशासाठीचे पुढचे संकेत आखले जातील तेव्हा त्या चर्चेत पहिल्या दिवसापासून बसण्याचा अधिकार मात्र त्याला या मोजमापांच्या बळावर मिळवता येईल, आणि तो मिळवण्याचे काम प्रक्षेपणतळाइतकेच विद्यापीठांच्या गच्चीवरच्या अँटेनांवर अवलंबून आहे.